गो अहेड सोडून

रात्री पावणेबाराला सुनेचा मेसेज आला.
शिलाँगची पोरगी, इबान नाव.
तीन वर्षांत मराठी एवढी झाली
की भाजीवाल्याला ‘काहून इतकं महाग?’ म्हणते,
पण पोटातलं काही असलं की इंग्रजीतच येते.

अंकल, बँकेचा राजीनामा टाइप करून ठेवलाय.
गोकुळपेठेतला गाळा मालक
उद्या दुपारपर्यंतच धरून ठेवतो म्हणे.
पाव, केक, बिस्किटं.
करू का?

मे महिना. कुलरमधलं पाणी संपत आलेलं,
मोटर नुसतीच घरघरत होती.
मी चष्मा लावला
आणि तिच्यासाठी इंग्रजी शोधायला बसलो.

आपल्याकडे सोपं असते.
‘होऊन जाऊ दे’ म्हटलं की झालं.
कोण करणार, बुडालं तर कोण निस्तरणार,
सगळं त्या ‘होऊन’मध्ये पांघरूण घेऊन झोपते.

गो फॉर इट.
लिहिलं. पाहिलं.
त्यातलं ‘इट’ कुठं ठेवलंय ते कळेना.
कुत्र्यापुढे चेंडू फेकावा तसं वाटलं,
फेकणारा आपला जागेवरच उभा.
खोडलं.

कम ऑन.
हे जामठ्याच्या स्टेडियमात मीच ओरडलो होतो
शेवटच्या ओव्हरला, घसा बसेपर्यंत.
पण पासवर्ड विसरलो की
पोरगाही मला हेच म्हणतो.
मेसेजमध्ये सूर कुठं लिहिता येते?

गिव्ह इट अ ट्राय.
बरं होतं. सभ्य होतं.
पण त्याच्या एका पायात चप्पल होती,
परत निघायच्या तयारीत.

पुतण्या जागाच असते, त्याला विचारलं.
त्यानं पाठवलं, नॉक युवरसेल्फ आउट.
अर्थ पाहिला तर निघाला
‘कर काय करायचं ते, मला काय.’
झोप म्हटलं, गधड्या.

राहिलं गो अहेड.

कोराडीला एकतीस वर्षं हेच माझं काम.
परमिट पाहायचं, लाइन मेली का पाहायचं,
वॉकीटॉकी तोंडाशी धरून म्हणायचं,
गो अहेड.
एकदा म्हटलं तिसऱ्या फीडरला.
ऐकलं चौथ्यावरच्या रहांगडालेनं.
चौथा जिवंत होता.

उजव्या हाताची दोन बोटं.
पुढे तो डाव्या हातानं सही करायचा.
पोराच्या लग्नात पंगतीत वाढायलाही आला,
‘साहेब, मठ्ठा घ्या ना’ म्हणत.
एका शब्दानं कधी बोलला नाही.
बोलला असता
तर आज कदाचित मला तो शब्द लिहिता आला असता.

एक वाजला.
तिकडे तिला दिसतच असणार,
टायपिंग, मग काही नाही, मग पुन्हा टायपिंग.
त्रिमूर्तीनगरच्या तिसऱ्या माळ्यावर
नवरा रात्रपाळीला गेलेली पोरगी
एका म्हाताऱ्याचं खोडणं बघत बसलेली.

शेवटी लिहिलं,
ओव्हन थ्री-फेज आहे का?
गाळ्याचं अर्थिंग कोणी तपासलं का?
मी सकाळी सातला येतो. टेस्टर आणतो.

व्याकरण कच्चंच होतं.
‘येतो’चं ‘आलो होतो’ झालं असावं बहुधा.

तिचं उत्तर लगेच आलं,
रोमन अक्षरांत, पण मराठी,
हो बाप्पा. शिडी पन आना.

शिडी माझ्याकडे कुठली?
शिडी रहांगडालेकडे आहे.
सहाला फोन करीन.
लवकर उठते तो.